आडवाट आणि वहिवाट

परवा दुसरबीडास सप्ताहाची सांगता झाली. काल्याचे कीर्तन आटोपून, प्रसाद घेऊन आम्ही पारावर जरा टेकलो होतो. तोच गावचाच एक तरुण जवळ येऊन बसला. नोकरीनिमित्त पुण्याकडे असतो. सुट्टी मिळाली की चार मित्र मिळून सह्याद्रीत डोंगर चढावयास जातात, आणि तेही वाट सोडून, सरळ खडकाखडकाने. त्याने आम्हांस विचारले, "महाराज, राग मानू नका. तुम्ही वारकरी शेकडो वर्षं एकाच वाटेनं चालता. मळलेल्या वाटेनं जाण्यात पुरुषार्थ तो कसला? शिखर खरं कोणाचं? वाट सोडून चढणाऱ्याचं, का वाटेनं जाणाऱ्याचं?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, जिज्ञासेचा होता. आम्हांस मात्र चटकन उत्तर देववेना. कारण त्या मुलाच्या पाठीमागे, माळाच्या पलीकडे, एक उघडाबोडका डोंगर दिसत होता, आणि त्या डोंगराचे आम्ही देणे लागतो. ते देणे आज वाचकांपुढे मांडतो.

आमचा हा भाग खडकपूर्णेच्या खोऱ्यातला. पावसाळ्यात हिरवा, पण चैत्र लागला की डोंगर भाजून निघतात. वर काळा पाषाण, त्याखाली सुटा मुरूम, मधून मधून वाळलेले कुसळ. सावली म्हणाल तर नाही, पाणी म्हणाल तर नाही. वाळवंट पाहावयास मारवाडात जाण्याचे कारण नाही, वैशाखात आमच्या माळावर उभे राहावे!

गोष्ट 1982 सालच्या चैत्रातली. आमचे वय बाविशीचे. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलो होतो. तर्कसंग्रह मुखोद्गत, लघुकौमुदी मुखोद्गत, आणि त्याहूनही मुखोद्गत म्हणजे अहंकार. याच गावी सप्ताहास आलो होतो. आमच्याबरोबर पाठशाळेतला एक सोबती होता आणि साथीला चाळिशी उलटलेले एक पखवाजी होते. त्यांचा हात असा की धुमेवर थाप पडली म्हणजे मंडपातले पोरसुद्धा रडायचे थांबावे. एके सकाळी आम्ही डोंगरमाथ्यावर जाण्याचे काढले. गुराख्यांची पायवाट वळसे घेत वर जात होती. आम्ही म्हणालो, वळसे कशाला, सरळ चढू. पखवाजी म्हणाले, "महाराज, वाट नका सोडू. हा मुरूम पायाले धरत नाई." आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, तर "भ्यालात काय?" असेही म्हणालो. तो शब्द आज चाळीस वर्षांनंतरही आमच्या जिभेवर काट्यासारखा आहे. ते काही न बोलता आमच्या मागे चढू लागले.

माथा हाकेच्या अंतरावर असता त्यांच्या पायाखालचा मुरूम सुटला. ते दहा-बारा हात घसरत गेले आणि डाव्या मनगटावर सगळा भार आला. आम्ही दोघे वर, ते खाली, आणि मध्ये धड पाय ठेवायला जागा नाही. त्या घटकेस तर्कसंग्रहातला एकही पदार्थ उपयोगी पडला नाही. शेवटी शेळ्या चारणारा दहा-बारा वर्षांचा एक पोर कोठूनसा आला. त्या कड्यावर तो अंगणात फिरावे तसा फिरत होता. जेथे आम्हांस वाट दिसत नव्हती तेथे त्याला ती होती. त्याने पखवाज्यांना हात देऊन, बसवत-उठवत खाली आणले. मनगट पुढे वाकडेच सांधले. धुमेची थाप कायमची गेली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्या दिवशी आमचे चुकले काय? वाट सोडली हे? वरवर पाहता तसेच वाटते. परंतु नीट विचार करता मूळ दोष निराळा आहे. संस्कृतात मार्ग् या धातूचा अर्थच शोधणे असा आहे. म्हणजे मार्ग आणि शोध ही एकाच घरची भावंडे. आज जी वहिवाट दिसते ती कधीकाळी कोणीतरी शोधलेली आडवाटच होती. एकाने शोधली, दुसऱ्याने विश्वास ठेवला, हजारांनी तुडवली, तेव्हा ती वाट झाली. म्हणून मळलेल्या वाटेला तुच्छ लेखणे हा पूर्वजांच्या पायांचा अनादर होय. त्याचबरोबर, वाट सोडणारा प्रत्येक जण पापी असे म्हटले तर ज्याने पहिली वाट पाडली त्यालाच पापी म्हणावे लागेल. हे कसे जुळावे?

आमच्या संप्रदायाचे मूळच पाहा ना! परंपरेत अशी कथा आहे की विठ्ठलपंत मुलांबाळांसह त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते. ब्रह्मगिरी म्हणजे गोदामाईचे उगमस्थान, उभ्या काळ्या कातळाचा पर्वत. रानात वाघ समोर आला, पळापळ झाली, आणि बाल निवृत्ती वाट चुकला. भटकत भटकत तो एका गुहेशी पोहोचला. तेथे गहिनीनाथ बसलेले होते. निवृत्तीला अनुग्रह मिळाला, त्याने तो ज्ञानोबांना दिला, आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. विचार करा, निवृत्ती वाट चुकला नसता तर? पण त्याने वाट पराक्रम दाखविण्यासाठी सोडली नव्हती, ती त्याच्या हातून सुटली. आणि मिळाले ते घेऊन तो गुहेत बसून राहिला नाही. खाली आला, भावंडांत आला, वाटून मोकळा झाला. आजही पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी दिंड्या जातात, त्या त्याच्या समाधीच्या दर्शनाला.

दुसरे उदाहरण तर आमच्या उंबऱ्यातले. चोखोबांचे जन्मगाव मेहुणाराजा हे आमच्या शेजारच्या देऊळगावराजा तालुक्यात मानतात. चोखोबांनी वाट सोडली नाही, त्यांना वाटेवर येऊच दिले नाही! देव राउळात, भक्त बाहेर. मंगळवेढ्यास 1338 साली गावकुसाच्या कामात भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि समाधी महाद्वारासमोर झाली, तीही देवळाबाहेरच. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावयास साने गुरुजींचे उपोषण आणि 1947 साल उजाडावे लागले. तेव्हा आपण ज्या वाटेचा अभिमान धरतो ती सर्वांना मोकळी आहे काय, हे विचारल्याशिवाय वहिवाटीची थोरवी गाऊ नये. ज्याला रस्ता नाकारला त्याने खडकातून पाऊल टाकले, तर दोष पावलाचा नव्हे, रस्ता अडविणाऱ्याचा.

मग आडवाटेची कसोटी कोणती? आमच्या अल्पमतीप्रमाणे प्रश्न दोन. पहिला : माझ्या हट्टाची किंमत कोण देणार? मी एकटा देणार असेन तर एक वेळ ठीक, पण मागून येणारा देणार असेल तर ते साहस नव्हे, ती हिंसा आहे. दुसरा : माथ्यावरून मी काय घेऊन उतरणार? नुसता "मी चढलो" एवढाच शब्द घेऊन उतरलो तर चढलो तो डोंगर नव्हे, अहंकारच. 1955 साली कांचनगंगा, 8,586 मीटरचे शिखर, प्रथम चढणारे दोघे इंग्रज गिर्यारोहक माथ्याच्या काही पावले खालीच थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र. वर जाण्याची ताकद असून थांबले! अवघ्या चढाईत ती न टाकलेली चार पावलेच आम्हांस सर्वांत उंच वाटतात.

वारी या शब्दात जाणे आहे तसे येणेही आहे. जो परत येत नाही, आणि मागच्यांसाठी खूण ठेवीत नाही, त्याची वारी पुरी झाली असे आम्ही म्हणणार नाही.

त्या तरुणास आम्ही हे सगळे सांगितले, आणि शेवटी पखवाज्यांचे सांगितले. हात गेल्यावर त्यांनी दिंडीत वीणा खांद्यावर घेतली आणि पुढे तीस वर्षे ती उतरविली नाही. आम्ही एकदा पाय धरून क्षमा मागितली. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही वाट सोडली हे मी कवाच इसरलो. पण मागं वळून नाई पाहिलं, ते ध्यानात हाये."

मुलगा बराच वेळ त्या डोंगराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमच्यातही एक जण नेहमी मागं राहतो, महाराज." आम्ही म्हणालो, "बाबा, मग पुढल्या खेपेस डोंगर कोठूनही चढ, पण त्याच्या पावलानं चढ."

रामकृष्णहरि.