हिशेब आणि वैराग्य

आमच्या कीर्तनात मृदंगाची साथ करणारा एक तेवीस वर्षांचा तरुण गेल्या कार्तिकीनंतर आमच्यापाशी येऊन बसला. नोकरी लागून वर्ष झाले होते. पण मोबाईलवर उचललेले कर्ज फेडता फेडता महिनाअखेरीस हाती काही उरत नसे. आम्ही सवयीप्रमाणे म्हणालो, "बाबा, पैसा ही माती आहे." तो खाली मान घालून म्हणाला, "महाराज, माती आहे, तर बिदागीचे पाकीट आपण मोजून का घेता?"

सज्जनहो, आम्ही निरुत्तर झालो. इतकी वर्षे वैराग्य सांगितले. पण पैशाला नावे ठेवली की वैराग्य झाले, असा समज तर आम्हीच पसरवला नाही ना?

तुकोबारायांचे चरित्र पाहा. घराणे महाजनकीचे, दुकानदारी हाती आलेली. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आम्ही रंगवून सांगतो. पण आधी खतांची वाटणी झाली, अर्धी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याचीच तेवढी बुडवली, ही परंपरेतली गोष्ट घाईत राहून जाते. त्याग आपल्या वाट्याचाच करता येतो. आणि वाटा कोणता हे कळायला हिशेब यावा लागतो.

शास्त्रकारही या बाबतीत उदास नव्हते. मनुस्मृतीत सांगितलेला एक दर म्हणजे दरमहा मुद्दलाचा ८० वा भाग. आणि एकाच वेळी मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, ही दामदुपटीची मर्यादा. त्या दराने दामदुप्पट व्हायला ८० महिने लागतात. आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के आणि व्याजावर व्याज धरले, तर अवघ्या २०-२१ महिन्यांत तेच होते! १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर उठून खते जाळली. तो सावकार निदान ओट्यावर बसलेला दिसे. आजचा आपल्याच खिशात बसलेला असतो.

कोणी म्हणेल, पोरे मोजू लागली की लोभी होतील. आम्हांला तसे वाटत नाही. लोभी मनुष्य मोजतो ते अधिक हवे म्हणून; विवेकी मोजतो ते पुरे कोठे म्हणावे हे कळावे म्हणून. न मोजणाऱ्याला मात्र पुरे कधी झाले हेच समजत नाही, आणि मग दानही उसन्या पैशाने होते.

हे पोरांना शिकवायचे कोणी? घरात वडील माणसे पैशाची गोष्ट निघाली की मुलांना बाहेर पाठवतात, आणि पहिला पगार झाला की एकदम शहाणपणाची अपेक्षा करतात. पोहणे काय काठावरून येते? आमच्या दिंडीत भिशीची वही असते: कोणाकडून किती आले, शिधा किती लागला, ट्रकचे भाडे किती. येत्या आषाढीला ती वही आम्ही त्याच तरुणाच्या हाती देणार आहोत. चुकेल, पण चारचौघांत चुकेल आणि सुधारेल.

त्याचे कर्ज अद्याप फिटलेले नाही. दर महिन्याला तो आणि आम्ही एकत्र बसून त्याची वही पाहतो. शेजारी आमचीही असते; बिदागी किती आली आणि कोठे गेली, हे आता आम्ही त्याच्यासमोरच लिहितो.