दुसऱ्याच्या वेदनेसाठी धावणे



काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात आमच्या हाती एक पत्र आले. सीमाभागातील एका जुन्या शरण घराण्यातला मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असतो. लहानपणी सुट्टीत तो मठात येई आणि दासोहाच्या वेळी पत्रावळी मांडायला पुढे असे. त्याने लिहिले होते, "अप्पाजी, येत्या एप्रिलमध्ये मी लंडनची मॅरेथॉन धावणार आहे. कातडीच्या एका दुर्धर रोगाने पीडित असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरिता पैसे जमवतो आहे. आपला आशीर्वाद असावा आणि मठाच्या वतीने काही रक्कम मिळावी."

पत्र वाचून आम्हाला प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. मुलांना मदत करायची तर पगारातून द्यावी, मित्रांकडे मागावी. त्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावायचे काय कारण? धावण्याने फोड बरा होतो काय? जवळ बसलेल्या एका वृद्ध भक्ताला पत्र वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "अप्पाजी, पोटाला भाकरी जास्त झाली की माणूस पळायला लागतो." आम्हीही त्याच्याबरोबर हसलो. पण पत्रात रोगाचे जे वर्णन होते ते दुसऱ्यांदा वाचताना हसू मावळले, कारण तो रोग आम्ही पाहिला होता. ते पुढे सांगू.

रोगाचे नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. नाव अवघड असले तरी गोष्ट समजायला अवघड नाही. आपल्या कातडीचे दोन मुख्य थर असतात, वरचा आणि आतला. काही विशिष्ट प्रथिने हे थर घट्ट धरून ठेवतात. हा रोग घेऊन जन्मलेल्या बालकाच्या शरीरात त्यांपैकी एखादे प्रथिन सदोष असते किंवा तयारच होत नाही. त्यामुळे आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या घर्षणाने वरची कातडी सुटते आणि तेथे पाण्याचा फोड येतो. सदऱ्याची शिवण घासली तरी फोड. बगलेत हात घालून उचलले तरी फोड. तीव्र प्रकारात तोंडात आणि अन्ननलिकेतही जखमा होतात, घास गिळवत नाही. वारंवार भरलेल्या जखमांनी हाताची बोटे एकमेकांना चिकटतात. आणि पुष्कळांना तरुणपणीच त्या जखमांवर कातडीचा कर्करोग होतो. पाश्चात्य देशांत या बालकांना फुलपाखराची मुले म्हणतात. उपमा गोड आहे, पण रोज पट्ट्या सोडताना त्या घरात जे ऐकू येते त्यात गोड काही नसते.

हा रोग संसर्गाने होत नाही, हे येथेच स्पष्ट लिहून ठेवतो. तो बीजातून येतो. त्याच्या काही प्रकारांत आई आणि वडील दोघेही अगदी निरोगी असतात. पण दोघांच्या ठायी तोच दोष सुप्त असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. यात आईचे पाप नाही आणि मुलाचे पूर्वजन्मीचे कर्मही नाही. आपल्या समाजात अजून असे बोलले जाते, म्हणून लिहावे लागते.

१९७८ साली इंग्लंडमध्ये फिलिस हिल्टन नावाच्या एका आईने या रोगासाठी संस्था काढली. तिच्या मुलीला हा रोग होता. मुलीचे नाव डेब्रा, आणि तेच संस्थेचे नाव झाले. पुढे अनेक देशांत याच नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. लंडनची मॅरेथॉन त्यानंतर तीन वर्षांनी, २९ मार्च १९८१ रोजी, सुरू झाली. त्या पहिल्या शर्यतीत अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉन्सन या दोघांनी हातात हात घालून शेवटची रेषा एकदमच ओलांडली. ही हकीकत आम्हाला त्या मुलाच्या दुसऱ्या पत्रातून कळली, आणि आम्हाला ती फार आवडली. आज त्या शर्यतीत पन्नास हजारांहून अधिक माणसे धावतात आणि त्यांतील पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या संस्थेसाठी धावतात. २०२५ साली त्या एका दिवसाच्या निमित्ताने ८ कोटी ७३ लाख पौंड जमले. आपल्याकडेही २००४ पासून मुंबईत जी मॅरेथॉन होते, तिच्यातून अनेक संस्थांना निधी मिळतो.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढी रक्कम जमते, मग विचार कसला करायचा? विचार करायचा तो असा.

आमच्याकडील काही तरुण वक्ते हल्ली कोणत्याही श्रमाला कायक म्हणू लागले आहेत. धावणे हेही कायकच, असे एकाने आमच्यासमोर व्यासपीठावरून सांगितले. आम्हाला ते पटत नाही. कायकात श्रम आहे, पण त्या श्रमातून कोणाच्या तरी उपयोगाची वस्तू निपजते. विणकराच्या श्रमाने कापड होते, चांभाराच्या श्रमाने जोडा होतो. बेचाळीस किलोमीटर धावून घाम निपजतो. धावण्याला धावणे म्हणावे. शरणांचे शब्द सगळीकडे चिकटवत बसलो तर ते लवकर झिजतील.

मग लोक पैसे कशासाठी देतात? क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफिर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली याविषयी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, निधीसाठी सहलीसारखा सुखाचा कार्यक्रम ठेवला त्यापेक्षा क्लेशाचा आणि श्रमाचा कार्यक्रम ठेवला, तर माणसे अधिक द्यायला तयार होतात. आणि निधी बागबगीच्यासारख्या आनंदाच्या कामासाठी नसून माणसाच्या दुःखासाठी असेल, तर हा परिणाम अधिक दिसतो. यात आम्हाला नवल वाटले नाही. आपल्याकडे नवस फेडायला माणसे दंडवत घालीत जातात. उगादीच्या सुमारास आपल्या भागातून कितीतरी भक्त पायी श्रीशैलाला निघतात. त्यांच्या तळपायाला फोड आलेले पाहून वाटेवरचे लोक न मागता ताक आणि भाकरी देतात. शरीराला कष्ट दिल्याशिवाय मागण्याला खरेपणा येत नाही, अशी मनुष्यस्वभावाची समजूत दिसते.

परंतु शरणांनी देहदंडनाचा पुरस्कार केलेला नाही. देह हेच देऊळ मानल्यावर त्याच्या भिंती पाडून पूजा कशी होणार? म्हणून ही समजूत स्वाभाविक असली तरी ती योग्य आहे असे म्हणायला आम्ही कचरतो. धावणाऱ्याच्या दुखण्यातून रुग्णाचे दुखणे तसूभरही कमी होत नाही. धावणाऱ्याने ते दुखणे निवडलेले असते, त्याला तारीख असते, शेवटची रेषा असते, आणि रेषेपलीकडे पदक व पाणी घेऊन माणसे उभी असतात. त्या बालकाने काही निवडलेले नाही, आणि त्याच्या वाटेवर कोठे रेषा आखलेली नाही. या दोन वेदना एका तागडीत घालणे हा त्या मुलाचा अपमान होईल.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. संस्था आयोजकांकडून धावण्याच्या जागा पैसे देऊन घेतात आणि धावणाऱ्याला त्या देताना, साधारण दोन हजार पौंड किंवा त्याहून अधिक जमवून देईन, असे कबूल करून घेतात. म्हणजे ज्याला त्या प्रसिद्ध शर्यतीत धावायचेच आहे, त्याला रोगाचे नाव हा प्रवेशाचा दरवाजा होऊ शकतो. छायाचित्र धावणाऱ्याचे निघते, कौतुक त्याचे होते. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपणास माहीत आहे. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर त्यांचा दासोह चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा लक्कम्माने ते जेथून आणले तेथे परत ठेवायला लावले. दासोहासाठीच आणले असूनही तिने ते घेतले नाही. धावणाऱ्याच्या पदरात जे कौतुक पडते त्यातले जास्तीचे किती, हे लक्कम्माच्या नजरेने कोणी मोजावे?

येथपर्यंत विचार केल्यावर आम्ही नकाराचे पत्र लिहायला घेतले होते. लिहिता लिहिता थांबलो, त्याचे कारण आता सांगतो.

आम्ही पीठावर येऊन फार वर्षे झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. निपाणीच्या बाजूची एक बाई तीनेक वर्षांच्या मुलीला घेऊन मठात आली. मुलीला तिने कडेवर घेतले नव्हते. जुन्या मऊ लुगड्याची जाड घडी करून तिच्यावर मुलीला निजवले होते आणि ती घडीच दोन्ही हातांवर धरून ती आली. मुलीच्या अंगात झबले उलटे घातलेले होते, शिवणी बाहेर. आम्हाला तेव्हा वाटले, गडबडीत घातले असेल. मुलीच्या हातापायांवर फोड होते आणि काही ठिकाणी कातडी सोलवटून लाल झाली होती. बाई म्हणाली, "अप्पाजी, इभूत लावा." विभूती लावायची तर तीन बोटे कपाळावरून फिरवावी लागतात. आमचा हात पुढे गेला आणि थांबला. आम्ही विभूती तिच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "तूच लाव, माय. आमच्या बोटांनी पोरीला त्रास होईल." डॉक्टरांना दाखवायला सांगितले, प्रसाद दिला. बाईने विभूती बोटाच्या टोकावर घेतली आणि कपाळावर नुसती टेकवली, घासली नाही. मग आमच्याकडे पाहिले. हात कशाने थांबला हे तिला कळले होते, आणि आम्हालाही.

सगळ्या जातीपातींचा स्पर्श समान मानणाऱ्या पीठावर बसून आमचा हात एका लेकरापाशी थांबला. त्या मुलाच्या पत्राने एवढ्या वर्षांनी त्या दुखण्याचे नाव आम्हाला सांगितले. शिवणी बाहेर का होत्या, कडेवर का घेतले नव्हते, हे तेव्हा समजले. विलायतेतल्या रुग्णालयांत शिकवतात ते त्या बाईने एकटीने शोधून काढले होते.

त्यामुळे आमचा विचार बदलला, तो एवढाच. हा रोग फार थोड्यांना होतो. ज्याचे रुग्ण थोडे त्याच्या औषधावर पैसा लावायला व्यापारी सहसा तयार नसतो, आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याच्यासाठी कोणी हात पसरत नाही. धावणारा मनुष्य दोनशे घरांत, कचेरीत, नातेवाइकांत ते नाव घेऊन जातो. एरवी सुशिक्षित माणसाला मागण्याची लाज वाटते. धावण्याच्या निमित्ताने ती लाज सुटते. आम्ही या मागण्याला भिक्षा म्हणू, आणि ते कमीपणाने म्हणत नाही. अशा मागण्यांतून आणि अनेकांच्या संशोधनातून पुढे काही निष्पन्न झालेही आहे. २०२२ साली युरोपात बर्च झाडाच्या सालीच्या अर्काचा लेप या जखमांसाठी संमत झाला. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत, सदोष बीजाची उणीव जखमेतच भरून काढणारा लेप संमत झाला. रोग मुळातून जात नाही, पण जखम मिटण्यास मदत होते. निपाणीच्या बाईपर्यंत असे लेप पोहोचायला किती काळ लागेल, हा विचार मात्र छळतो. त्यांतला दुसरा अतिशय महाग आहे.

धावणे त्यामानाने सोपे आहे, पाहणे कठीण. जॉनी केनेडी या इंग्रज गृहस्थाला हाच रोग होता. २००३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. शेवटच्या महिन्यांत त्याने आपल्या जगण्याचे आणि पट्ट्या बदलण्याचे चित्रीकरण करू दिले आणि त्याच काळात तो स्वतः संस्थेसाठी निधीही मागत होता. तो चित्रपट २००४ साली ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. दुसऱ्याने धावून दाखवण्याआधी त्याने आपले शरीरच लोकांसमोर ठेवले.

म्हणून आम्ही त्या मुलाला दासोह निधीतून नव्हे, आमच्या पाद्यपूजेच्या रकमेतून पैसे पाठवले. दासोहाचा तांदूळ येथल्या पंगतीचा आहे. सोबत एक प्रश्न लिहिला: तू ज्यांच्यासाठी धावतोस त्यांच्यापैकी कोणाला भेटला आहेस काय?

उत्तर यायला दोन महिने लागले. त्याने प्रामाणिकपणे लिहिले की भेटला नव्हता, तसे मनातही आले नव्हते. प्रश्न वाचल्यावर संस्थेच्या ओळखीने तो एका कुटुंबाकडे गेला. तेथला अकरा वर्षांचा मुलगा निर्जंतुक सुईने स्वतःचा फोड फोडत बसला होता, कारण आतले पाणी तसेच राहिले तर फोड पसरत जातो. सरावात आपल्या टाचेलाही फोड आला होता, असे याने त्याला सांगितले. मुलाने तो पाहायला मागितला. याने बूट काढला, मोजा काढला. मुलाने नीट पाहिले आणि विचारले, "किती दिवसांत गेला?" हा म्हणाला, "आठ दिवसांत." मुलगा म्हणाला, "बरे झाले," आणि पुन्हा आपल्या सुईकडे वळला.

पत्रात पुढे शर्यतीला लागलेली वेळ आणि जमलेली रक्कम आहे. निपाणीच्या बाजूच्या त्या बाईचा आम्ही नंतर दोन-तीन गावांत तपास करविला. लागला नाही. तिचे गाव आम्ही त्या दिवशी विचारलेच नव्हते. वाचकांपैकी कोणाच्या पाहण्यात असे मूल असल्यास मठात अवश्य कळवावे. आम्हीच तिकडे येऊ.