सत्य आणि चहाडी

शब्दानें माणसें तुटतात, हें सांगण्यास कोणा धर्मग्रंथाची साक्ष काढावयास नको. परंतु कोणत्या शब्दानें तीं अधिक तुटतात असा प्रश्न केला, तर आपल्यापैकीं बहुतेक सुशिक्षित मंडळी शिवी, टोमणा, संतापाच्या भरांत निघालेले उद्गार यांकडे बोट दाखवितील. आमच्या मतें हें उत्तर वरवरचें आहे. रागाचा शब्द ज्याला लागावयाचा त्याच्या तोंडावरच बोलला जातो. त्याला उलट उत्तर देतां येतें, दुसऱ्या दिवशीं क्षमाही मागतां येते. घरें फुटतात तीं बहुधा निराळ्याच बोलण्यानें, आणि तें बोलणें पुष्कळदां शांत, गोड व अक्षरशः खरेंही असतें. ख्रिस्ती नीतिविचारानें या बोलण्याचा जो बारकाईनें विचार केला आहे, तो आपल्या घरांस फार जवळचा आहे.

तेराव्या शतकांतील तत्त्ववेत्ता सेंट थॉमस अक्वायनस यानें आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या प्रचंड ग्रंथांत वाणीच्या पापांचें वर्गीकरण केलें आहे: तोंडावर केलेला अपमान, पाठीमागची निंदा, चहाडी, उपहास आणि शाप. यांतील निंदा व चहाडी या दोहोंमध्यें तो जो भेद करतो, तो मोठा मार्मिक आहे. निंदकाला दुसऱ्याची अब्रू घ्यावयाची असते. चहाडखोराला दोघांचा स्नेह मोडावयाचा असतो. म्हणून चहाडखोरानें सांगितलेली गोष्ट वाईटच असली पाहिजे असें नाहीं. ती ऐकणाऱ्याच्या मनास खुपणारी असली म्हणजे पुरे. “सूनबाई माहेरीं सांगत होत्या कीं, इकडचा स्वयंपाक फार गोड असतो.” या वाक्यांत निंदा कोठें आहे? सूनबाई तसें म्हणाल्याही असतील, आणि सहज म्हणाल्या असतील. पण तेंच वाक्य तिसऱ्या माणसानें स्वर खालीं आणून सासूबाईंच्या कानांत घातलें, कीं त्या दिवसापासून आमटींतल्या गुळाच्या खड्यालाही अर्थ चिकटतो. अक्वायनसच्या मतें चहाडी हें निंदेहून मोठें पाप आहे. कारण अब्रूपेक्षां मित्र हें अधिक मोलाचें धन होय.

“पण आम्ही खोटें तर कांहीं बोललों नाहीं!” असें यावर उत्तर मिळतें. आपल्या सुशिक्षित वर्गाचा तर हा आवडता बचाव आहे. फौजदारी कायद्यानें मात्र तो कधींच पुरता मान्य केलेला नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत काय, किंवा तिच्या जागीं २०२४ सालीं अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत काय, बदनामीच्या आरोपांतून सुटण्यास विधान नुसतें खरें असून भागत नाहीं. तें लोकहितासाठीं केलेलें असावें लागतें. तरी कायद्याची दृष्टि अब्रूपाशीं थांबते. दोन भावांमधील विश्वास नाहींसा झाला, तर त्याची फिर्याद कोणत्या कचेरींत नोंदवावयाची?

चहाडी करणारा मनुष्य दुष्ट असतो असेंही समजण्याचें कारण नाहीं. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलर याचीं प्रवचनें १७२६ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांतील जिभेच्या संयमावरील प्रवचनांत त्यानें द्वेष व स्वार्थ हीं कारणें बाजूस ठेविलीं आणि निव्वळ बोलत राहण्याच्या हौसेवर बोट ठेविलें. काय बोलावयाचें हें गौण. बोलावयाचें हें मुख्य. आपलें बोलणें चार लोकांनीं कान देऊन ऐकावें ही इच्छा, आणि हातांत दुसरा माल नाहीं, म्हणून शेजाऱ्याची गोष्ट बाहेर पडते. आतां तर आप्तांच्या खाजगी संदेशांचें छायाचित्र काढून तें पुढें धाडण्याची सोय हातांतल्या यंत्रानेंच करून दिली आहे. स्वर खालीं आणण्याचेही कष्ट उरले नाहींत.

उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगरचा बिशप ऑगस्टीन यानें पांचव्या शतकांत यावर एक घरगुती उपाय योजला होता. गैरहजर माणसाचें चारित्र्य कुरतडणाऱ्यास या पंक्तींत स्थान नाहीं, अशा अर्थाचा श्लोक त्यानें आपल्या भोजनाच्या मेजावर लिहवून ठेविला होता. त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो कीं, एकदां जिव्हाळ्याचे बिशप मित्रच हा नियम विसरले, तेव्हां ऑगस्टीन चिडून म्हणाला कीं, एक तर हा श्लोक पुसून टाका, नाहीं तर मी पानावरून उठून जातों. असा श्लोक आपल्या दिवाणखान्यांत लावला तर चहाचे पेले निवण्यापूर्वींच मंडळी घरीं जातील, अशी आम्हांस भीति वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील अठराव्या अध्यायांत ख्रिस्तानें एक क्रम घालून दिला आहे. भावानें अपराध केला तर प्रथम त्याला एकट्याला गांठून सांगावें. न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढें ठेवावें. आपल्या घरांतून हा क्रम बरोबर उलटा चालतो. प्रथम मंडळी, मग एकदोघे, आणि ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे त्याला सर्वांच्या शेवटीं, तेंही दुसऱ्याच्या तोंडून.

येथें एक आक्षेप येतो, व तो हलका नाहीं. “घरचें बाहेर नेऊं नये” या नांवाखालीं किती सुनांनीं मार सोसला असेल! ख्रिस्ती संस्थाही येथें निर्दोष नाहींत. बोस्टन येथील कॅथलिक धर्मगुरूंनीं मुलांवर केलेले अत्याचार २००२ सालीं वृत्तपत्रानें उघडकीस आणले, तेव्हां वरिष्ठांनीं ते वर्षानुवर्षें झांकून ठेविल्याचेंही बाहेर आलें. अखेर अशी माहिती वरिष्ठांस कळविणें धर्मगुरूंस बंधनकारक करणारा नियम पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं केला. पण मत्तयांतील क्रमाचा शेवट मौनांत होत नाहीं, मंडळींत होतो, हें विसरतां कामा नये. ज्याच्या हातीं पीडिताचें रक्षण आहे त्याला सांगणें ही चहाडी नव्हे, आणि तेथें एकट्यानें गांठण्याची पायरीही पीडितावर लादतां येणार नाहीं. ऐकणाऱ्याला कांहींच करतां येण्यासारखें नसतांना, केवळ त्याचें मन कलुषित व्हावें एवढाच ज्या सांगण्याचा परिणाम, तें मात्र कितीही खरें असलें तरी चहाडीच.

कॅथलिक नीतिशास्त्र याच्याही पुढें जाऊन भरपाई मागतें. चोरानें माल परत करावा, तसें निंदकानें नांव परत करावें. असत्य बोलला असेल तर “मी खोटें बोललों” असें त्याला म्हणतां येईल. सत्य बोलून ज्यानें स्नेह मोडला, त्यानें काय करावें? आपलें वाक्य त्याला मागें घेतां येत नाहीं. तें खरेंच आहे. “सांगितलें तें खरें, परंतु सांगणें माझें काम नव्हतें,” असें म्हणत त्याला दोन्ही घरांचे उंबरे चढावे लागतील. तसें कोणी गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. बहुतेकदां तो आपण काय बोललों होतों हेंच विसरून गेलेला असतो. दोघे भाऊ मात्र तीस वर्षांनंतरही त्याचें वाक्य शब्दशः सांगतात, आणि एका भिंतीच्या दोन बाजूंस वेगळालीं पानें मांडून जेवतात.