योजना आणि शब्द

आखलेली योजना सोडून देणे ही व्यवहारबुद्धी की वचनभंग? नीतीचा हा जुना प्रश्न बुद्धिबळाच्या पटावर स्पष्ट दिसतो. एलुरू येथे १९५५ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे यांच्यापासून २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांच्यापर्यंत हा खेळ मराठी घरांच्या परिचयाचा आहे.

‘क्वीन्स गॅम्बिट’ ही त्यातील अभिजात सुरुवात. कापाब्लांका व अलेखिन यांच्या १९२७ च्या जगज्जेतेपदाच्या ३४ डावांपैकी ३२ डावांत तिचा अव्हेर केलेला प्रकारच पटावर आला. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, काळा तसेच उत्तर देतो. मग पांढरा शेजारच्या उंटापुढचे प्यादे देऊ करतो. काळा ते न घेता आपले प्यादे राजापुढच्या प्याद्याने सावरतो. पुढे मध्यावर प्याद्यांची अदलाबदल झाली, की पांढऱ्यापुढे दोन वाटा राहतात: वजिराच्या बाजूची आपली दोन प्यादी प्रतिपक्षाच्या तिघांवर चालवून तेथे दुबळेपणा निर्माण करावा, किंवा राजापुढचे प्यादे मध्यभागी रेटावे.

जाणता खेळाडू यांतील एक वाट धरतो, आणि प्रतिपक्षाची चाल पाहून दुसरीकडे वळतोही. त्यास कोणी तत्त्वच्युत म्हणत नाही. हत्ती, घोडा, उंट मागे घेता येतात. पुढे गेलेले प्यादे मात्र परतत नाही. त्याने सोडलेले घर ते पुन्हा राखू शकत नाही. म्हणून योजना बदलण्यास मोकळीक आहे, प्यादे हलविण्यास विचार हवा.

आयुष्यात या प्याद्याच्या जागी दिलेला शब्द असतो. फरक इतकाच, की पटावर समोर प्रतिस्पर्धी असतो, आणि शब्दावर विसंबून बसलेले माणूस बहुधा आपलेच असते.

बरखेड्यात हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीसाठी आलेल्या कित्येक कुटुंबांनी निवृत्तीनंतर गावी परतायचे ठरविले होते. मुलांची शाळा झाली, घर झाले, बेत बदलला. यात दोष नाही. तो आपला बेत होता. परंतु ‘आम्ही येतो’ या शब्दावर गावी कोणी वृद्ध आई वाट पाहत राहिली असेल, भावाने आपला वाटा न विकता कसला असेल, तर तो निव्वळ बेत नव्हता. तेथे प्यादे पुढे गेले होते.

असा शब्द पाळणे कधी खरोखर अशक्य होते. तेव्हा तो मोडल्याचे स्पष्ट सांगणे आणि ज्याने सोसले त्याची भरपाई करणे, एवढे तरी आपल्याकडे लागू राहते. खरी अनीती वाट बदलण्यात नाही. दिलेल्या शब्दाला मागाहून ‘तो तर नुसता विचार होता’ असे म्हणण्यात आहे.