जमिनीचा जामीन

आजोळच्या अंगणातून एक टेकडी दिसते. आईच्या लहानपणी ती नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात असे मातीचे डोंगर ठिकठिकाणी आहेत. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती-दगड काढायचे आणि बाजूला रचायचे, त्यातून ते उभे राहतात. आजोबांचं कपाशीचं वावर त्या टेकडीखाली गेलं. मोबदला मिळाला, मामाला खाणीत नोकरी लागली. पुढे टेकडीवर झाडं लावली गेली. एका दिवाळीत मी आजोबांना म्हटलं, "आता बरं दिसतं, नाही?" ते म्हणाले, "हिरवं झालं म्हणजे वावर झालं काय?"

घेतलेलं परत केलं, हे कधी म्हणायचं? आणि ते कुणी म्हणायचं? या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला एका अमेरिकन कायद्यात सापडलं.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत कंपन्या कोळसा काढायच्या आणि उघडे कडे, मातीचे ढीग तसेच टाकून निघून जायच्या. १९७७ साली जिमी कार्टर यांच्या सहीने उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला. त्याची मुख्य अट अशी: खणण्याआधी जामीन द्या. रक्कम किती? कंपनीने हात वर केले, तर सरकारला दुसऱ्याकडून ती जमीन नीट करून घ्यायला लागेल तेवढी.

आपल्याकडे शेतकरी पैशासाठी जमीन गहाण ठेवतो आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. इथे उलट आहे. जमिनीसाठी पैसा गहाण पडतो आणि बोजा कंपनीवर असतो.

तो टप्प्याटप्प्याने उतरतो. खड्डा भरला, जमिनीला साधारण पूर्वीसारखा उतार दिला, पाण्याची वाट नीट केली, की ६० टक्क्यांपर्यंत रक्कम सुटते. वेगळी जपलेली वरची माती पुन्हा पसरून त्यावर झाडोरा रुजला की आणखी काही सुटते. उरलेली मात्र अडकून राहते. वर्षाला २६ इंचांहून जास्त पाऊस पडतो तिथे किमान ५ वर्षं, त्याहून कमी पडतो तिथे १०. आपल्याकडे हाच हिशोब लावला तर चंद्रपूरला ५ आणि माणदेशाला १० वर्षं.

या मुदतीतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. मधेच पुन्हा बी पेरलं, पाणी सोडलं, खत घातलं, तर वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नेहमीची, मंजूर असलेली देखभाल तेवढी चालते. म्हणजे तपासणीच्या आदल्या महिन्यात टँकरने पाणी घालून हिरवं करता येत नाही. जमीन स्वतःच्या बळावर उभी राहिली का, एवढंच बघायचं.

आणि उत्तम शेतजमीन असेल तर आजोबांचाच प्रश्न कायद्यात आहे: पिकतं का? किमान ३ हंगामांचं सरासरी उत्पन्न आसपासच्या न खणलेल्या, तशाच मातीच्या शेतांशी ताडून बघतात. शिवाय जामीन सोडण्याचा अर्ज वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो आणि झळ पोचणारा शेजारी हरकत घेऊ शकतो. "झालं" असं कर्जदाराने एकट्याने म्हणून चालत नाही.

कर्जदारच स्वतःचा जामीन झाला तर काय होतं, तेही तिथेच दिसलं. काही राज्यांनी बड्या कंपन्यांना फक्त त्यांच्या ताळेबंदावर विश्वास ठेवून सूट दिली होती. २०१५-१६ मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी एकामागोमाग दिवाळखोरीत गेल्या. ज्या ताळेबंदावर भिस्त होती, तोच बुडाला होता. पुढे त्यांना दुसरे जामीन द्यावे लागले.

आपल्याकडेही २००९ पासून कोळसा खाणी बंद करताना लागणाऱ्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचा नियम आहे. दर ५ वर्षांनी तपासणी होऊन झालेल्या कामाप्रमाणे त्यातला काही भाग कंपनीला परत मिळतो. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी किती झाडं लावली त्याचा फलक आहे. तिथे काय पिकेल, हे कुणी विचारायला आल्याचं आजोबांना आठवत नाही.

तरी उत्तर अर्धंच, असं मी का म्हणतो? त्या कायद्यातला उतारही "साधारण" पूर्वीसारखा असतो आणि झाडोरा ठरलेल्या मापाच्या ९० टक्के भरला तरी पुरेसा मानतात. पणजोबांनी घातलेला बांध, दुपारी भाकरी सोडायची ती कडुनिंबाची सावली, यांना मापच नाही. मग हे सगळं मोजणं म्हणजे ढोंग का? पूर्वी मला तसं वाटायचं. आता वाटत नाही. मोजता येतं तेवढं तरी काटेकोर मोजून घ्यावं, कारण माप नसेल तर फलकच पुरावा ठरतो. पण जामीन सुटला म्हणजे कंपनी मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. माफी मिळाली असा नाही. ती कायद्याच्या हातात नाही.

यंदा मी आजोबांना हा कायदा समजावून सांगितला. पाच वर्षं, तीन हंगाम, शेजाऱ्याची हरकत, सगळं. ते बराच वेळ टेकडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं विचारतात तरी."