आधी आडवा होऊन बघ!

हे ड्रॉइंग तुझंच ना? चार-चार फुटांच्या चौकटी आखल्यास आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक डाउनलाइट ठोकलास. बँकेची शाखा आहे का ही? वर नाव काय, तर ‘वेलनेस रूम’!

मसाजच्या टेबलाच्या बरोब्बर वर दिवा. तिथे माणूस उताणा झोपतो, ठाऊक आहे ना? मग तासभर त्याने काय दिव्याशी नजर भिडवायची? ‘क्लायंटला भरपूर उजेड हवा होता,’ म्हणे. क्लायंटला आराम हवा होता. डाउनलाइट तुला हवा होता, कारण तो ठोकला की डोकं चालवावं लागत नाही. भिंतीकडेने कोव्ह काढायचा, एलईडीची पट्टी झोपलेल्याच्याही नजरेला पडू द्यायची नाही, तर सेक्शन काढावा लागतो. त्याचा तुला कंटाळा. खरं हेच ना?

आणि हे ६५०० केल्विन कुठून आलं? रात्री झोपण्याआधी वापरायची खोली आहे ही. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात, हे परीक्षेत तूच पानभर लिहिलं होतंस. मार्क पडले, विषय संपला! २७०० लिहायला शाई जास्त लागते? आणि तेवढं लिहूनही सुटका नाही. डिमर कुठे आहे? ‘वायरमन बघून घेईल.’ तो बघेलच: डिमरला न जुळणारा ड्रायव्हर आणेल, उजेड मंद केला की दिवे फडफडतील आणि तू त्याला शिव्या घालशील.

आरशाच्या डोक्यावर एकच दिवा दिलास. डोळ्यांखाली खड्डे दिसतात त्याने. दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीला घे. (साफसफाईसाठी लख्ख उजेडाचं वेगळं सर्किट लागतं, हे तर तुझ्या गावीही नाही. फरशी कधी पुसली आहेस?)

स्टीमच्या खोलीत नुसतं ‘वॉटरप्रूफ’ खरडून मोकळा झालास. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा झोत सोसणारा दिवा. कोंडलेली वाफ आणि उष्णता तो सोसेल, ही हमी त्यात नाही. स्टीमसाठीच बनवलेला दिवा लिही. १२ व्होल्टचा. ड्रायव्हर खोलीच्या बाहेर, दुरुस्तीला हात पोहोचेल असा. त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओलं अंग, अनवाणी पाय! इथे चुकलास तर तक्रार करायला क्लायंट उरणार नाही.

यातलं तुला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. येत नसतं तर मी शांतपणे शिकवलं असतं. येत असून टाळलंस, ‘साइटवर बघू’ म्हणत स्वतःलाच गंडवलंस, म्हणून हा आवाज चढलाय.

उद्या साइटवर जा. टेबल आलं नाही, ही सबब नको. फरशीवर आडवा हो आणि वर बघ. मग हे ड्रॉइंग फाड. सोमवारी सेक्शनशिवाय आलास, तर दारातूनच परत पाठवीन.