जुन्या घराचे मोल



घर पाहणे, त्याची किंमत करणे हा शुद्ध प्रपंचाचा विषय. तो या अंकात कशाला, असे एखाद्या माउलीला वाटेल. मलाही वाटले असते. पण मागच्या फाल्गुनात नागपूरला एका जुन्या घरात मी तासभर गप्प उभा राहिलो आणि ते गप्प राहणे अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

मी सानगडीचा, साकोली तालुक्यातला. निवृत्त शिक्षक. आमचे घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, माकडांनी फोडलेले बदलायचे, वाळवी लागलेला वासा काढून दुसरा घालायचा, यातच आयुष्य गेले. त्यामुळे नागपुरातल्या पुतण्याने जुने घर घ्यायचे ठरवले तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही एकदा पाहून जा." तो इतवारीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहितो. बारा वर्षे शहराच्या पार टोकाला भाड्याच्या एका खोलीत काढली. नव्या वस्तीतला फ्लॅट त्याच्या ऐपतीबाहेरचा. तांडापेठेतले हे दोन खोल्यांचे घर मात्र झेपण्यासारखे, आणि कामावर चालत जाता येईल इतके जवळ. (नागपूरच्या कितीतरी जुन्या वस्त्या बाजाराच्या वारावरून ओळखल्या जातात : इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी. वारकऱ्याच्या कानाला ही नावे गोड लागतात, पण त्या वारीला जायचे तर तराजू घेऊन जावे लागते.)

तांडापेठ ही विणकरांची वस्ती. एकेकाळी तिथे घराघरांतून हातमागाचा आवाज यायचा. ज्या आजींचे घर होते त्यांचे सासरे मात्र एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी आता राहिली नाही, पण तिच्या पगारावर बांधलेली घरे अजून उभी आहेत. हे त्यातलेच एक. विटा चिखलात बसवलेल्या, मध्ये लाकडी खांब, वर माळा, कवेलू काढून नंतर टाकलेले पत्रे.

जुने घर पाहायचे म्हणजे नवा रंग पाहायचा नाही. भिंतीचा तळ पाहायचा. तिथे लोणा फुटला असेल, हात लावताच माती झडत असेल, तर ओल खालून चढते आहे. शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का, आणि त्याने उद्या आपले घर पाडले तर आपली भिंत कशावर उभी राहील, हे विचारायचे. गल्लीतून तिरडी वळेल का, हेही पाहायचे. ऐकायला वाईट वाटते, पण आजारी माणसाची खाटही तिथूनच न्यायची असते. मग कागद. नागपुरात नगर भूमापनाच्या नोंदीला आखीव पत्रिका म्हणतात. तिच्यावर नाव आजोबांचे आणि विकणारा नातू, हे जुन्या वस्तीत नेहमीचे. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय इसार देऊ नये.

हे सगळे आम्ही पाहिले. सोबत एक मिस्त्री होता. आजी एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या गळ्यातली माळ त्यांना जवळ आल्यावर दिसली. हात जोडून म्हणाल्या, "माळकरी माणूस संगं आहे, मग मले चिंता नाही." धापेवाड्याला आपण किती वेळा पायी गेलो ते त्यांनी सांगितले. चहा ठेवला. आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पावसाळ्यात मोरीतून पाणी वर येते, भाऊ. पहिलेच सांगून ठेवलेलं बरं."

त्या चहा गाळत होत्या तेव्हा मिस्त्रीने माळ्याची तुळई खरवडली. वर तेलरंगाचे थर, धुराची काजळी. खाली सागवान. जुने, सरळ रेषांचे, कीड न लागलेले. त्याने दुसरी खरवडली, तिसरी. मग हळूच म्हणाला, "लाकूडच दीड लाखाच्या खाली नाही." आजींनी घराची किंमत लावली होती ती नुसत्या जागेची, घर त्यांच्या लेखी पाडायचेच होते. सरकारी मूल्यदराच्या तक्त्यातही बांधकाम जितके जुने तितका घसारा जास्त, त्यामुळे कागदावरही त्या तुळयांना फारसे मोल नव्हते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला समजली. मी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट कागदात निघाली. पुतण्याने टेपने जागा मोजली होती. आखीव पत्रिकेतले क्षेत्र त्याहून नव्वद चौरस फूट जास्त. घरामागची जी बोळ शेजारी भंगार ठेवायला वापरतो, ती आजींचीच निघाली. त्या ती शेजाऱ्याची समजत होत्या. त्यावरही आम्ही काही बोललो नाही. चहा चांगला झाला आहे, एवढे मात्र मी बोललो.

गणेशपेठेहून साकोलीची बस धरली. सानगडीला पोचेपर्यंत मन एकाच जागी घुटमळत होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्यातल्या ५५व्या कलमात, विकणाऱ्याने मालमत्तेतला लपलेला दोष सांगितला पाहिजे, असे आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक बंधन आहे, ते मात्र कोणी सांगत नाही. विकणाऱ्याचा त्या मालमत्तेतला हक्क किती आहे याबद्दल घेणाऱ्याला असे काही माहीत असेल की ज्याने किंमत बरीच वाढेल, आणि विकणाऱ्याला ते माहीत नाही असे त्याला वाटत असेल, तर त्याने ते सांगितले पाहिजे. म्हणजे बोळीचे सांगणे कायद्यानेच भाग होते. तुळयांचे तसे नाही. तो हक्काचा प्रश्न नव्हे. घर आजींचे, मान वर करून कोणीही पाहावे. कायदा तिथे आपल्याला सोडून देतो.

हा पेच फार जुना आहे. रोमच्या सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात सडक्या लाकडाचे घर विकणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे : त्याने दोष सांगावा की नाही? आणि तिथेच स्केव्होला नावाच्या एका खरेदीदाराची गोष्ट आहे. मालकाने जमिनीची किंमत सांगितली. हा म्हणाला, माझ्या मते ती याहून जास्त मोलाची आहे, आणि त्याने एक लाख नाणी वर दिली. लोक म्हणाले, माणूस चांगला खरा, पण शहाणा नव्हे. आपल्या गावच्या पारावरही हेच म्हटले असते.

पुतण्याची बाजू मी हलकी मानत नाही. इतवारीत भाव कोणाला आधी कळतो यावरच धंदा चालतो. आज तूर महागणार हे ज्याला कळले तो शेतकऱ्याला ते सांगत बसत नाही. आपल्या कष्टाने, आपल्या अनुभवाने जे कळले ते आपले, हे मलाही बऱ्याच अंशी पटते. पण या तुळया आम्हांला बाजारात कळल्या नव्हत्या. आजींनी दार उघडले, आत घेतले, माळ पाहून पाठ फिरवून चहाला गेल्या, तेव्हा कळल्या. दुसऱ्याच्या छपराखाली, त्याने टाकलेल्या विश्वासामुळे जे दिसले, ते आपल्या कमाईत कसे धरायचे? आणि त्यांनी तर मोरीच्या पाण्याचे सांगून स्वतःच्या घराची किंमत स्वतःच कमी केली होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन केला, हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, खरं तुम्ही बोलणार, हप्ता मी भरणार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे बोलण्याचे पुण्य माझे आणि दंड त्याच्या पोरांना, हा कुठला परमार्थ? दोन दिवस मी तुकोबांच्या खतांची गोष्ट मनात घोळवत होतो. कीर्तनात आपण ऐकतो की दुष्काळानंतर डोंगरावरून परतलेल्या तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली. (तुकोबांच्या भंडारा डोंगराचे नाव आणि आमच्या जिल्ह्याचे नाव एकच, म्हणून लहानपणी आम्हांला वाटायचे ते इथेच कुठेतरी घडले.) पण गोष्टीतला एक भाग कीर्तनकार घाईने ओलांडतात. सगळी खते त्यांनी बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांना संसार चालवायचा होता. खतांचे दोन भाग झाले, आणि तुकोबांनी बुडवला तो आपला भाग. कान्होबांच्या भागाला त्यांनी हात लावला नाही, आणि कान्होबांना त्यावरून बोल लावल्याचेही मी कुठे ऐकले नाही.

मग माझा भाग कोणता? माळ माझी होती, विश्वास माझ्यावर टाकला होता, गप्प मी राहिलो होतो. कवेलू काढून पत्रे टाकायला म्हणून साठ हजार बाजूला ठेवले होते. पुतण्याला म्हटले, बोळीचे तुला सांगावेच लागेल, तो कायदा आहे. तुळयांचे मी सांगतो, आणि भाव वाढला तर हे साठ माझे. तो नको म्हणाला. सूनबाईने फोन घेतला आणि म्हणाली, "काका, एकादशीला या."

एकादशीला गेलो. आजींनी सगळे ऐकून घेतले, तुळईकडे मान वर करून पाहिले, त्यांना ती दिसली असेल असे वाटत नाही. मुलाला फोन लावला. मुलाने एकदम दोन लाख वाढवले. पुतण्या उठून बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला. पंधरा दिवस व्यवहार अडकला. शेवटी आजींनीच मुलाशी भांडून तो एक लाखावर आणला. खरेदीखत सूनबाईच्या एकटीच्या नावे केले. बाईच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेवढे तरी भरून निघाले. बोळीतले भंगार शेजाऱ्याने अजून उचललेले नाही.

यंदा पत्रे टाकता आले नाहीत. आषाढात देवघरावर पाणी गळायला लागले, तेव्हा पुतण्या न बोलावता सानगडीला आला, शिडी लावून वर चढला आणि दिवसभर कवेलू फेरत राहिला. मी खालून एकेक कवेलू हातात देत होतो. त्या घराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.